अळंबीचे बीज

बुरशी ह्या शब्दाला आपल्या घरांत कधीच मान मिळालेला नाही. लोणच्याच्या बरणीत ती दिसली की बरणी बाजूला जाते, पेटीतल्या ठेवणीच्या लुगड्यावर दिसली की लुगडे उन्हात जाते, आणि एखाद्याच्या बुद्धीचा उद्धार करावयाचा झाला तर तिला बुरशी आली आहे असे आपण खुशाल म्हणतो. त्याच कुळातील अळंबी मात्र आषाढ-श्रावणात टोपलीतून दारी आली की सारे घर हातातली कामे टाकून तिच्याभोवती गोळा होते. आणि न्याहारीचा पाव ज्याच्यामुळे फुगतो ते यीस्टही ह्याच घराण्यातले. एकाच कुळातल्या एकाला हाकलावे, दुसऱ्याला डोक्यावर घ्यावे आणि तिसऱ्याची ओळखही ठेवू नये, असा हा आपला व्यवहार आहे. हे कूळ वाढते कसे, त्याला मुले-नातवंडे होतात कशी, हे समजून घ्यावे असे आम्हांला वाटले ते ज्ञानाच्या ओढीने नव्हे, तर जमिनीच्या एका वाटणीमुळे. ती हकीकत पुढे येईलच. आधी ह्या कुळाची ओळख करून घेऊ.

आम्ही शाळेत होतो तेव्हा कवकांचा धडा वनस्पतींच्या भागात अगदी शेवटी असे. गरीब नातलगाला पंगतीच्या टोकाला बसवावे तसा. पान नाही, फूल नाही, हिरवा रंग नाही, तरी ती वनस्पतीच. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी बहाल केली. पुढे जनुकांची तुलना झाली तेव्हा तर असे दिसून आले की कवके झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते. चिंबोरीच्या आणि कोळंबीच्या कवचात असते तेच. वनस्पती उन्हावर आपले अन्न शिजवते, प्राणी अन्न पोटात घेऊन पचवतो. कवक आपले पाचकरस बाहेर अन्नावरच सोडते आणि पचलेले तेवढे शोषून घेते. त्याचे खरे शरीर म्हणजे माती-लाकडात पसरलेले अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील एका जंगलात वृक्षांची मुळे खाणाऱ्या एकाच कवकाचे असे जाळे सुमारे साडेनऊशे हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे, आणि त्याचे वय हजारो वर्षांचे मानले जाते. जमिनीवर आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे झाड नव्हे. ते जमिनीखालच्या अदृश्य झाडाचे फळ आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

आता वंशवृद्धीकडे वळू. कवकांना वाढण्याच्या दोन वाटा ठाऊक आहेत. एक एकट्याची, दुसरी दोघांची.

एकट्याची वाट पाहावयाची असेल तर आपल्या स्वयंपाकघरापलीकडे जाण्याची गरज नाही. लग्नघरातल्या फुग्यांचे पीठ पूर्वी ताडी घालून आंबवत. ताडीतले यीस्ट त्या पिठात काय करीत असे? ते एकपेशीय कवक. पेशीच्या अंगावर एक लहानसा फुगवटा येतो, तो वाढतो, आणि पुरेसा मोठा झाला की वेगळा होऊन आपला संसार थाटतो. ह्याला मुकुलन म्हणतात. लेकीची पेशी सुटून गेली की आईच्या पेशीभित्तिकेवर त्या जागी एक वण राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे वण मोजता येतात आणि त्यांवरून त्या आईला किती लेकरे झाली ते सांगता येते. साधारण वीस-तीस लेकरे झाली की ती थकते आणि मग तिला नवे मूल होत नाही. आमच्या पिढीतील ज्या वाचकभगिनी हे वाचत असतील त्यांना ह्यावर अधिक काही सांगावयास नको.

पावाच्या शिळ्या तुकड्यावर येणारी बुरशी वेगळी युक्ती करते. पांढऱ्या कापसासारख्या तंतूंवर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके दिसतात, त्या प्रत्येक ठिपक्यात हजारो बीजाणू भरलेले असतात. पिशवी फुटते, बीजाणू वाऱ्यावर जातात. ते आपल्या घरातल्या हवेत ह्या क्षणीही आहेत. बहुतेकांना त्यांचा उपद्रव होत नाही, परंतु शरीराची राखण ढिली पडली की ह्याच गोत्रातील बुरशी माणसालाही सोडत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ‘काळी बुरशी’ ह्या नावाने आपल्या देशात जो कहर झाला, कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले, तो ह्याच मंडळींचा. वाढलेली रक्तशर्करा आणि उपचारातील स्टेरॉइडे ह्यांनी त्यांना वाट करून दिली होती.

दोघांची वाट अधिक नवलाची आहे. कवकांत नर आणि मादी असा भेद सहसा नसतो. असतात ते मीलनाचे प्रकार. एका प्रकारचा तंतू आपल्याच प्रकाराशी सोयरीक करीत नाही, वेगळ्या प्रकाराशी करतो. यीस्टमध्ये असे दोनच प्रकार आहेत. उलट पावसाळ्यात आंब्याच्या वाळक्या फांदीवर राखट-पांढऱ्या पंख्यांसारखे जे कवक उगवते, ज्याच्या खालच्या शिरा दुभंगलेल्या दिसतात, त्याच्यात असे वीस हजारांहून अधिक प्रकार आहेत. म्हणजे वाटेत भेटणारा जवळजवळ कोणीही परका सोयरिकीला चालतो.

दोन जुळणारे तंतू भेटले की त्यांच्या पेशी एक होतात. परंतु पेशींची केंद्रके, ज्यांत वंशाचा वारसा असतो, ती लगेच एक होत नाहीत. ती एकाच पेशीत शेजारी शेजारी राहतात. पेशी वाढते, विभागते, तेव्हा दोघेही विभागतात. नव्या पेशीतही पुन्हा दोघे. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हा जोडसंसार जमिनीखाली चालतो. मग एखाद्या पावसाळ्यात, ऊब आणि ओल जुळून आली की, हे जाळे छत्री उभारते. छत्रीच्या खालच्या पडद्यांवरील पेशींत ती दोन केंद्रके शेवटी एकरूप होतात, वारशाची सरमिसळ होते, आणि प्रत्येक पेशीच्या टोकावर बहुधा चार बीजाणू तयार होतात. साऱ्या सहजीवनाचा शेवट मीलनात आणि मीलनाचा शेवट लगोलग निरोपात, असा हा क्रम आहे.

निरोपाची तऱ्हाही पाहण्यासारखी. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या ओलाव्यात एकदम मिसळतो आणि त्या हिसक्याने बीजाणू उडतो. त्या क्षणाचा वेग-बदल गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असतो, आणि अंतर मात्र एका मिलिमीटरपेक्षाही कमी. समोरच्या पडद्याला न चिकटता मधल्या फटीतून खाली पडता यावे एवढेच. कॅनडातील विनिपेग येथे अध्यापन करणारे रेजिनाल्ड बुलर ह्यांनी ह्या विषयाला आयुष्य वाहिले आणि तो थेंब आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका पूर्ण उमललेल्या छत्रीतून असे कोट्यवधी बीजाणू सुटतात. एका मिलिमीटरच्या रेषेत शंभराहून अधिक मावतील एवढे ते लहान. त्यांतील बहुतेक वाया जातात. मात्र हे सारे घडते ते छत्री उघडल्यावर. मिटलेल्या कळीतून एकही बीजाणू बाहेर पडत नाही.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आमच्या वाडीची हकीकत त्याच्याशी बांधलेली आहे.

आमच्या आजोबांच्या वाडीत, वसईतल्या कोणत्याही जुन्या वाडीप्रमाणे, केळी होत्या, पानवेली होत्या, विहीर होती. आणि पूर्वेच्या बांधावर एक वारूळ होते. पावसाने जोर धरून थोडी उघडीप दिली की त्या वारुळाभोवती रातोरात अळंबी उगवत. आजी पहाटे मिस्साला जाण्यापूर्वी कंदील घेऊन तिथे फेरी मारून येई. तिला कळ्या हव्या असत. उमललेल्या अळंबीला किडे लवकर लागतात आणि तिची चवही उतरते, असे ती म्हणे. अळंबी मातीतून हलकेच उपसली की तिच्या बुडाला लांबलचक मुळासारखा दांडा निघे, हातभर खोल गेलेला. घरी आणून ती सारी अळंबी धुई आणि ते गढूळ पाणी कधी मोरीत टाकू देत नसे. आम्हां मुलांपैकी एकाला तांब्या घेऊन बांधावर पिटाळी. ‘वारुळाचं पाणी वारुळाला,’ एवढेच तिचे स्पष्टीकरण.

आजी-आजोबा गेले. २००४ साली वाडीची रीतसर वाटणी झाली आणि पूर्वेचा बांध आमच्या चुलतभावाकडे गेला. त्याने तिथे घर बांधले. घर बांधणे हा त्याचा हक्क होता, त्याची मुले मोठी होत होती, आणि आमची त्याबद्दल तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. पायासाठी पुरुषभर खोल खणले तेव्हा वारुळाच्या पोटातून नारळाएवढे भुरकट गोळे निघाले. हलके, सुरकुतलेले, अंगावर घड्याच घड्या, आणि त्या घड्यांत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे. कामावरच्या मजुरांनी ते बाजूला टाकले. चार-सहा दिवसांत त्यांवर दुसरीच काळपट बुरशी चढली. त्या पावसाळ्यात अळंबी उगवली नाही. पुढच्याही पावसाळ्यात नाही. घरातली धाकटी मंडळी विचारू लागली की अळंबीचे बी कुठे मिळते का, आपण आपल्या बांधावर पेरू. पेरता येईल का, ह्याचे उत्तर शोधताना आम्ही ह्या विषयात उतरलो.

उत्तर असे की हे बी वाळवीशिवाय रुजत नाही. वारुळाभोवती उगवणारी ही अळंबी ज्या वाळवीच्या घरात राहते ती वाळवी शेतकरी आहे. माणूस शेती करू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून, सुमारे तीन कोटी वर्षांपासून, वाळवीचे हे कूळ कवकाची शेती करीत आले आहे. वाळवी पालापाचोळा, काटक्या, गवत खाते. ते तिला पुरते पचत नाही. त्या अर्धवट पचलेल्या विष्ठेचे ती पोळे रचते आणि त्या पोळ्यावर कवक वाढवते. लाकडातले जे तिला पचवता येत नाही ते कवक पचवते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. पायात निघालेले भुरकट गोळे म्हणजे ही पोळी होती. त्यांवरील पांढऱ्या दाण्यांत कवकाचे एकट्याच्या वाटेने झालेले बीजाणू असतात. वाळवी ते दाणे खाते, बीजाणू तिच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि नव्या पोळ्यावर आपोआप पेरले जातात. एका वारुळात अशा तऱ्हेने सहसा एकच वाण पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. वाळवी गेली की राखणदार गेला. मग पोळ्यावर दुसऱ्या बुरशा चढतात आणि अळंबीचे कवक संपते.

ह्या जोडीची पहिली नोंद आपल्याच देशात झाली, हे वाचून आम्हांला कौतुक वाटले. योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे, डेन्मार्कच्या वसाहतीत, तो वैद्य म्हणून आला होता. वाळवीची घरटी उकरून त्याने त्यांतील कवकाचे वर्णन १७७९ साली प्रसिद्ध केले. ह्या अळंबीच्या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीचे कवक, हे नाव १९४२ साली फ्रान्सच्या रोजे हाइम ह्यांनी दिले. आफ्रिकेतील झांबियात ह्याच प्रजातीची एक जात आहे, तिची छत्री मीटरभर रुंद होते. गोव्यात हिलाच अळमी म्हणतात. तिथे वारूळ हे सातेरी देवीचे रूप मानले जाते आणि श्रावणाच्या सुमारास बाजारात अळमी आली की हिंदू काय, ख्रिस्ती काय, सारेच तिच्या मागे असतात.

वारुळातल्या वारुळात कवक एकट्याच्या वाटेने वाढते, हे खरे. परंतु नवे वारूळ होते तेव्हा काय? पहिल्या मोठ्या पावसानंतर दिव्याभोवती जी पंखांची वाळवी झेपावते, सकाळी ओटीवर जिच्या पंखांचा सडा पडलेला असतो, ती नव्या संसारासाठी निघालेली जोडपी असतात. पंख टाकून नर-मादी जमिनीत शिरतात आणि घर मांडतात. बहुतेक जातींत हे जोडपे माहेराहून कवक घेऊन निघत नाही. त्यांची पहिली कामकरी प्रजा मोठी होऊन बाहेर पडते, पालापाचोळा गोळा करते, आणि त्या पाल्याबरोबर जमिनीवर पडलेले अळंबीचे बीजाणू घरात येतात. ते आले तर शेती सुरू होते. न आले तर ते घर उपासमारीने बसते. आणि ह्या पहिल्या कामकऱ्यांच्या बाहेर पडण्याच्या सुमारासच जुन्या वारुळांवर अळंबी उमलतात. छत्री उघडते ती जणू नव्या घरांना बियाणे वाटण्यासाठीच.

हे आम्हांला समजावून सांगितले आमच्या पुतणीने. ती तेव्हा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकत होती. २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या वाट्याच्या पश्चिम बांधावर, जुन्या आंब्याखाली, सात-आठ अळंबी उगवल्या. बारा वर्षांनी. घरात आनंद झाला आणि सूनबाई टोपली घेऊन निघालीही. पुतणीने तिला थांबवले आणि एक उमललेली अळंबी तेवढी मागून घेतली. तिचा दांडा कापून छत्री काळ्या कागदावर पालथी घातली, वर वाडगा झाकला. सकाळी वाडगा उचलला तेव्हा कागदावर गुलाबीसर भुकटीची रेघारेघांची नक्षी उमटली होती, चाकाच्या आऱ्यांसारखी. आम्ही बोट फिरवले तर बोटाला पिठीसारखे लागले.

‘काका, आजीच्या धुण्याच्या पाण्यात हे असायचं,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तिचं बरोबर होतं तर.’

‘उमललेली धुतली असेल तर. कळ्या धुतल्या तर नुसती माती. आणि जुन्या वारुळाला ह्याची गरज नाही, त्याच्याकडे त्याचं बियाणं आहेच. गरज आहे ती आजूबाजूच्या नव्या घरांना.’

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. आजीची कृती खरी होती, पत्ता तेवढा चार पावले चुकलेला होता. तरीही तांब्या घेऊन धावताना अर्धे पाणी आम्ही वाटेतच सांडत असू, हे आठवून बरे वाटले. पश्चिम बांधावरची अळंबी त्याच सांडलेल्या पाण्याची नातवंडे आहेत असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वारा, पाऊस आणि वाळवी ह्यांच्या वाटा कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, तेव्हा तो मोह आम्ही आवरतो.

वाचकहो, ही केवळ आमच्या बांधाची गोष्ट असती तर एवढी शाई खर्च केली नसती. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या डोंगराकडील आदिवासी भगिनी सागाच्या पानांत अळंबीचे वाटे मांडून नाक्यावर बसतात. आपण त्यांच्याकडे कळ्याच मागतो आणि कळीला भाव अधिक देतो. त्यांच्या चुलीचा तो हंगाम आहे. त्यांनी काढू नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय बटन किंवा धिंगरी अळंबीप्रमाणे ही शेडमध्ये पिकवून बाजारात येत नाही. ती हवी तर वारूळ हवे, वारूळ हवे तर हलवाहलव न झालेली जमीन हवी. जमीन तर आपणच विकतो आहोत, भरणी घालतो आहोत, कुंपणे बांधतो आहोत. उरलेल्या जमिनीवर जे उगवते ते कळीतच खुडले गेले, तर नव्या घरांना बियाणे कुठून मिळावे? फळ खावे, पण बियाण्यापुरते शेतात ठेवावे, हे आपल्या भातशेतीतल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नव्हते. अळंबीचे बी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला हा न्याय लावावयाचे आपण विसरलो एवढेच.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. हे वाचून कोणी अनोळखी भूछत्रे गोळा करावयास जाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते, किडे लागलेली अळंबी निर्धोक असते, ह्या साऱ्या समजुती खोट्या आहेत. काही विषारी भूछत्रे चवीला गोड असतात आणि त्यांचा परिणाम सहा-आठ तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो. तोवर उशीर झालेला असतो. जी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची, ती जाणत्या हातानेच घ्यावी.

आमच्या घरात २०१६ पासून एक नियम झाला आहे. बांधावर जेवढी उगवतील त्यांतील निम्मी काढावयाची, निम्मी उमलू द्यावयाची. नियम पाळणे सोपे नाही. श्रावणात मुंबईहून पाहुणे येतात, सूनबाईने कांदा-खोबऱ्याचे वाटण तयार ठेवलेले असते, आणि भांड्यातली भाजी सर्वांना पुरत नाही. पाहुण्यांना बांधावर नेले तर तिथे हाताएवढ्या रुंद छत्र्या उभ्या असतात. दोन दिवसांत त्यांच्या कडा फाटतात, किडे लागतात, तिसऱ्या दिवशी त्या काळवंडून चिखलात मिसळतात. केवढी नासाडी, असे पाहुणे म्हणतात. आम्ही त्यांना छत्रीखालची ओली माती दाखवतो. तिथे दाखवण्यासारखे काही नसते.